ओला शिक्का : गालिचाधारकांसाठी सूचना

सदर सूचना ज्यांच्या घरी गालिचा आणि पाळीव प्राणी अशी दोन्ही संकटं एकाच छपराखाली नांदतात, त्यांच्यासाठी आहेत. ज्यांच्याकडे दोहोंपैकी एकच असेल त्यांनी खुशाल पान उलटावं. त्यांचा हेवा करायला आम्हाला सवड नाही. आम्ही गुडघ्यांवर बसलो आहोत आणि हातात ओला टॉवेल आहे.

डोंबिवलीच्या हवेत गालिचा कशाला, हा प्रश्न या मार्गदर्शिकेच्या कक्षेबाहेरचा. तरी दप्तरी नोंद असावी म्हणून सांगते. आमचा गालिचा सासऱ्यांनी, म्हणजे अप्पांनी, १९८७ साली बँकेच्या एलटीसीवर श्रीनगरला गेले असता घेतला. चार फूट बाय सहा फूट, मरून जमीन, सायीच्या रंगाचा काठ, मधोमध कमळ म्हटलं तर कमळ आणि दुकानदाराच्या शब्दावर ‘शुद्ध रेशीम’. महिन्याचा पगार त्यात गेला. परतीच्या प्रवासात सासूबाईंच्या वाट्याला खिडकी आली आणि गालिच्याच्या वाट्याला अप्पांची मांडी. पुढची तीसेक वर्षं तो जुन्या चादरीत गुंडाळलेला, डांबरगोळ्यांच्या बंदोबस्तात, दिवाणाखाली सुखरूप होता. मग आम्ही मोठ्या घरात आलो, तो हॉलमध्ये अंथरला गेला, आणि त्याच पावसाळ्यात चिरंजीव रस्त्यावरून मोत्याला घेऊन आले. बोका आणला नाही. तो खिडकीतून आला, सगळं घर फिरून पाहिलं आणि राहायचं ठरवलं. त्याच्या चेहऱ्यावरचा भाव पाहून त्याचं नाव पंत पडलं.

घटना घडल्यावर सर्वप्रथम काय करू नये, ते समजून घ्यावं. आरडाओरडा करू नये. आरोपीला मानगुटीला धरून घटनास्थळी नेऊन त्याचं नाक घासू नये. ही पद्धत आमच्या इमारतीत तीन मजल्यांवर चालते आणि तिचा निकाल तिन्ही मजल्यांवर सारखाच लागतो. कुत्रा ‘इथे करू नये’ हे शिकत नाही, ‘हिच्यासमोर करू नये’ हे शिकतो. पुढच्या वेळी तो सोफ्यामागे जातो, आणि आपल्याला कळतं तेव्हा आठवडा उलटलेला असतो.

प्रथमोपचार

मराठीत टिपणं आणि पुसणं ही दोन वेगळी क्रियापदं का आहेत, हे मला वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी कळलं. पुसण्याची सवय आपल्याला फरशीनं लावली. गालिच्यावर पुसायला गेलं की ओल बाहेरच्या बाजूला पसरते आणि धाग्यांच्या मुळाशी ढकलली जाते. वर रुपयाएवढा दिसणारा डाग खाली पुरीएवढा असतो, हे गालिचा उलटून पाहिल्याशिवाय पटत नाही. म्हणून टिपावं. जाड सोलापुरी टॉवेल चार घड्या करून डागावर ठेवावा, त्यावर पाट ठेवावा आणि पाटावर घरातल्या सर्वांत वजनदार माणसानं उभं राहावं. आमच्याकडे हा मान नवऱ्याचा. लग्नात पाटावर उभा राहिला त्यानंतर थेट आता. दोन मिनिटांनी टॉवेलची कोरडी घडी खाली घ्यावी आणि टॉवेल कोरडा निघेपर्यंत हे चालू ठेवावं. फोन वाजल्यास उचलू नये.

वर्तमानपत्र वापरू नये, ओल्या कागदाची शाई गालिच्यावर उतरते. आमच्या काठावर एका अग्रलेखाचे दोन शब्द पुष्कळ दिवस उलटे वाचता येत होते.

टिपून झालं की थोडं गार पाणी शिंपडावं आणि पुन्हा टिपावं. गार म्हणजे गारच. गरम पाणी किंवा वाफेचं यंत्र चालवलं की उष्णतेनं डाग धाग्यात पक्का बसतो. वाफेनं सगळं स्वच्छ होतं, ही समजूत मोदकांपुरती ठेवावी.

थोडं शास्त्र, कारण शास्त्राशिवाय घरात कोणी ऐकत नाही

लघवीत बहुतांश पाणीच असतं. उरलेल्यात मुख्य भाग युरियाचा. या युरियाला इतिहासात मोठा मान आहे. १८२८ साली फ्रीडरिश व्योलर या जर्मन रसायनतज्ज्ञानं तो प्रयोगशाळेत तयार केला आणि आपले गुरू बर्झेलियस यांना कळवलं की, युरिया करायला आता मूत्रपिंड लागत नाही, माणसाचं नाही आणि कुत्र्याचंही नाही. पत्रात कुत्र्याचा उल्लेख खरोखर आहे. मोत्याला मी ही गोष्ट सांगितली. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि जुनी पद्धत चालू ठेवली.

ताज्या युरियाला म्हणावा असा वास नसतो. वास येतो तो नंतर. हवेतले, धुळीतले, गालिच्यातले जिवाणू युरियेज नावाच्या एन्झाइमनं युरिया फोडतात आणि अमोनिया सुटतो, तोच सार्वजनिक मुतारीच्या दारात डोळ्यांना झोंबणारा. हे युरियेज १९२६ साली जेम्स समनर यांनी जॅक बीनच्या बियांमधून, म्हणजे आपल्या अबईच्या भावकीतल्या शेंगांतून, स्फटिकरूपात वेगळं काढलं. कुठलंही एन्झाइम असं हातात येण्याची ती पहिलीच वेळ. समनरांनी सतराव्या वर्षी शिकारीतल्या अपघातात डावा हात गमावला होता आणि ते डावखुरे होते. उजव्या हातानं सगळं नव्यानं शिकून त्यांनी हे काम केलं आणि १९४६ साली नोबेल मिळवलं. आमच्या घरात दोन-दोन धड हात असलेली चार माणसं आहेत, पण घटना घडली की सगळ्यांचे हात कामात गुंतलेले असतात.

वर्ज्य पदार्थ

डाग पडला की घरातला प्रत्येक जण आपापल्या श्रद्धेचा पदार्थ घेऊन येतो. पहिलं येतं फिनेल. फिनेलचा वास आला म्हणजे स्वच्छता झाली, असं आपल्या पिढीला शाळेपासून शिकवलेलं आहे. पण काळ्या फिनेलमधली फिनॉलच्या जातीची द्रव्यं मांजराच्या यकृताला पचत नाहीत. बोका गालिच्यावरून चालतो आणि मग पंजे चाटतो, एवढं पुरतं. डांबरगोळ्यांचंही तेच. त्या कुत्र्याला आणि मांजराला दोघांनाही विषारी आहेत, गालिच्याखाली ठेवायच्या नाहीत. कपडे पांढरे करायचं ब्लीच तर मुळीच नाही. ते अमोनियावर पडलं की घशाला लागणारा विषारी वायू निघतो, आणि व्हिनेगरमध्ये मिसळलं की क्लोरीन निघतो. घाईत दोन बाटल्या एका बादलीत ओतणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं. या परिच्छेदात विनोद नाही.

दुसरी फळी सुगंधाची. उदबत्ती, कापूर, धूप, मोगऱ्याचा फवारा. त्यानं वास जात नाही, वासाला सोबत मिळते. आमच्याकडे एका संध्याकाळी हॉलला देवळाच्या मागच्या बोळासारखा वास येत होता, आणि पाहुणे बूट काढताना नकळत हात जोडत होते.

तिसरा उपाय शेजारच्या आजींचा. त्यांनी वाटीत गोमूत्र आणून दिलं आणि शिंपडायला सांगितलं. आजींचा हेतू निर्मळ होता. त्यांच्यासमोर शिंपडलंही. मात्र मोत्याच्या बाजूनं विचार करावा. आपल्या सहीच्या शेजारी अचानक एका भल्यामोठ्या अनोळखी जनावराची सही उमटलेली. त्यानं त्याच रात्री तिच्यावर स्वतःची प्रतिस्वाक्षरी केली.

इथे या मार्गदर्शिकेचं मुख्य कलम येतं. आपण सगळी खटपट करतो ती आल्यागेल्याच्या नाकासाठी. मावशींना वास येऊ नये, व्याह्यांना कळू नये, एवढं साधलं की आपण हात धुतो. पण ज्याचं समाधान करायचं तो मावशींच्या खुर्चीखाली बसलेला असतो. माणसाच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी पन्नास-साठ लाख, कुत्र्याच्या नाकात वीस कोटींहून अधिक, असा ढोबळ हिशेब आहे. आपल्याला ‘गेला एकदाचा’ वाटतो तेव्हा त्याला तिथे तारखेनिशी मजकूर दिसत असतो. आणि जिथे एकदा केलं ती जागा त्याच कामाची, हे त्याचं तर्कशास्त्र. अमोनियाचा वास असलेल्या साबणानं धुतलं तर त्याच्या लेखी आपण ती जागा राखीव असल्याची पाटीच लावली.

वस्त्राची जात

पुढचा उपाय करण्याआधी गालिचा कशाचा आहे हे माहीत हवं, कारण लोकर आणि रेशीम ही मुळात प्रथिनं. डाग खाणारी काही एन्झाइमं प्रथिनं फोडणारी असतात, ती डागाबरोबर गालिचाही चाखतात. अस्सल लोकरीला किंवा रेशमाला फक्त टिपावं, गार पाण्याचा हात द्यावा, आणि बाटलीवर लोकरीला चालेल असं छापलेलं नसेल तर गालिचे धुणाऱ्या जाणत्या माणसाकडे न्यावं.

ओळखायची जुनी रीत सोपी आहे. मागच्या कडेचा एक धागा काढावा, चिमट्यात धरून मोरीत जाळावा. केस जळाल्याचा वास आला तर लोकर किंवा रेशीम. प्लॅस्टिकसारखा वितळून मणी झाला तर कृत्रिम. कागद जळाल्याचा वास आला तर सूत किंवा त्याच्या जातीचं काही.

मी दुपारी, अप्पा झोपलेले असताना, मोरीत काडी ओढली. कागद जळाल्याचा वास आला. दुसरा धागा काढला, जमिनीतला, चकाकणारा. पुन्हा कागद. तिसरा काढायचं धाडस झालं नाही. चकाकी आणलेलं सूत जम्मूपासून मुंबईपर्यंत मांडीवर बसून आलं होतं.

गालिचाधारकांनी या निष्कर्षाचा व्यावहारिक फायदा ध्यानात घ्यावा. सूत धुवायला सोपं, चिवट, एन्झाइमांना न भिणारं. तो फायदा कोणाला सांगावा आणि कोणाला सांगू नये, हे ज्यानं त्यानं ठरवावं. मी राख नळाखाली धरली.

तपास

जुने डाग डोळ्यांना दिसत नाहीत. त्यासाठी जांभळा उजेड लागतो, ज्यात वाळलेली लघवी मंद पिवळट-हिरवी चमकते. पाळीव प्राण्यांच्या दुकानात असा टॉर्च मिळतो. आम्हाला तो घ्यावा लागला नाही. अप्पा बँकेत कॅशियर होते आणि निवृत्तीनंतरही पाचशेची नोट जांभळ्या उजेडाखाली धरून, तिच्यावरचा क्रमांक आणि कागदातले बारीक तंतू चमकतात का ते पाहिल्याखेरीज खिशात टाकत नाहीत. दूधवाल्यानं याबद्दल एकदा नापसंती दर्शवली होती.

रात्री साडेनऊला सगळे दिवे मालवले, पडदे ओढले. अप्पा टॉर्च घेऊन वाकले. चिरंजीव खडूनं खुणा करायला, नवरा पाट घेऊन तयार. मोत्या आणि पंत आपापल्या जागी बसून बघत होते, साक्षीदार बसतात तसे.

गालिच्यावर नक्षत्रं उगवली. कमळाजवळ दोन, ती मोत्याची. भिंतीकडच्या कोपऱ्यात, उभ्या रेघेसारखी खाली ओघळलेली एक, ती पंतांची, त्याविषयी पुढे. काही ठिकाणी निळसर पांढरं चमकत होतं. तिथे आम्ही आधी कपड्यांची पावडर लावली होती. त्या पावडरीत कपडे उजळ दिसावेत म्हणून घातलेली द्रव्यंच तशी चमकतात, तेव्हा नवशिक्यांनी तिथे घाबरू नये.

मग अप्पांच्या खुर्चीपाशी उजेड गेला. सायीच्या काठावर पाच-सहा ठिपके लख्ख पिवळे झळकले.

“हे बघ,” अप्पा म्हणाले, “मी पहिल्यापासून सांगतोय. माझ्या खुर्चीपाशीच येतो तो. मुद्दाम.”

मी वाकून वास घेतला. हिंग होता. दुसऱ्या दिवशी त्यातल्या एका ठिपक्याला कपड्यांच्या साबणाची ओली वडी लावली, तर तो बघता बघता लाल झाला. हळदीला साबण किंवा चुना लागला की ती लाल होते, कुंकू पूर्वी असंच करत. आणि हळद जांभळ्या उजेडात झळझळते. गालिच्यावर बसून जेवायचं नाही हा नियम या घरात अप्पांनीच केला होता. क्रिकेटच्या सामन्यांपुरती त्याला सूट होती, हे बाकीच्यांना ठाऊक नव्हतं.

सूचना : साबणानं लाल होणारा डाग स्वयंपाकघरातून आलेला असतो. जनावरास दोष देऊ नये. सासऱ्यास द्यावा का, याचं उत्तर ज्याच्या-त्याच्या मोरीत काय जळलं त्यावर अवलंबून. मी काही बोलले नाही.

मुख्य उपचार

पाळीव प्राण्यांच्या दुकानात एन्झाइमवालं औषध मिळतं. ते महाग वाटतं. गालिच्याची मूळ किंमत आठवावी, किंवा आमच्यासारखी आठवू नये. आधी फिनेल, साबण, व्हिनेगर मारलेलं असेल तर साध्या पाण्यानं ते काढून घ्यावं, नाहीतर एन्झाइम कामाला लागायच्या आधीच निकामी होतं. मग ओतावं. फवारू नये, ओतावं. ओल जिथवर गेली तिथवर हेही गेलं पाहिजे. वरून प्लॅस्टिकचा कागद झाकावा आणि दिवसभर ओलसर राहू द्यावं. एन्झाइम वाळलं की संपलं. लोक औषध मारतात, पंधरा मिनिटांनी पुसतात आणि कंपनीला शिव्या देतात. इडलीचं पीठ पंधरा मिनिटांत आंबत नाही, हे ज्यांना कळतं त्यांना हे का कळू नये?

सुरुवातीला वास वाढतो. घाबरू नये.

वाळल्यावर रंगाची छटा उरली तर सुती किंवा कृत्रिम गालिच्यासाठी हायड्रोजन पेरॉक्साइड. मेडिकलमध्ये मिळतं ते बहुधा ६ टक्क्यांचं, त्यात तेवढंच पाणी घातलं की ३ टक्के. त्यात चमचाभर खाण्याचा सोडा आणि भांड्यांच्या साबणाचा एक थेंब. आधी सोफ्याखाली जाणाऱ्या कोपऱ्यावर लावून रंग जातो का पाहावं. मिश्रण ताजं करावं आणि बाटलीत बूच लावून ठेवू नये, वायू साठून बूच उडतं. व्हिनेगर वापरायचंच असेल तर जुन्या, अमोनिया झालेल्या डागावर, अर्धं पाणी घालून. ते आम्ल, अमोनिया त्याच्या उलट, दोघं एकमेकांना शांत करतात. दिवसभर मात्र हॉलमध्ये चायनीजची गाडी लागल्यासारखं वाटतं. कोरड्या गालिच्यावर रात्रभर नुसता सोडा भुरभुरून सकाळी व्हॅक्यूम फिरवला तरी उरलासुरला वास बराच ओढला जातो.

हे सगळं पावसाळ्याआधी करावं. वाळलेल्या लघवीतले क्षार हवेतली ओल शोषतात, आणि एप्रिलमध्ये मेला असं वाटलेला वास जुलैत पुन्हा उठून बसतो. आमच्याकडे मृगाचा पाऊस मातीच्या आधी गालिच्यातून कळतो. धुतलेला गालिचा गच्चीत वाळवायला सोसायटीच्या सेक्रेटरींची परवानगी लागते, ती आम्हाला कबुतरांच्या मुद्द्यावर नाकारली गेली. दोन खुर्च्यांवर आडवा टाकून, वर-खाली पंखे लावून तो तीन दिवसांत वाळला. त्या तीन दिवसांत आम्ही जेवायला भिंतीला टेकून उभे होतो.

बोका : परिशिष्ट

मांजराच्या मुताचा उग्रपणा वेगळा. त्यात फेलिनिन नावाचं अमिनो आम्ल असतं, बोक्यात जास्त. ते फुटलं की गंधकयुक्त द्रव्य निघतं आणि दिवसागणिक वास चढत जातो. या जातीच्याच गंधकयुक्त द्रव्यांमुळे सोविन्यों ब्लां ही पांढरी वाइन ओळखली जाते. नाशिकच्या मळ्यांतही तिची द्राक्षं होतात आणि जगभरचे जाणकार तिच्यात बोक्याच्या मुताची छटा सापडली की मान डोलावतात. आमच्या कोपऱ्यात ती छटा पुरेपूर होती, पण मान डोलावणारं कोणी भेटलं नाही.

उभ्या पृष्ठभागावर, शेपटी थरथरवत मारलेली पिचकारी म्हणजे हद्दीची खूण. त्यावर गालिचा धुणं हा उपाय नाही, बोक्याचं ऑपरेशन हा आहे. ते लवकर केलं तर ही सवय बहुतेकदा सुटते. पंतांचं झालं. ते दोन दिवस आमच्याशी बोलले नाहीत.

मातीचे ट्रे किती ठेवावेत? मांजरं जितकी, त्याहून एक जास्त. आहेराच्या पाकिटात शंभरावर एक रुपया घालतो तसं.

आणि हे खरोखर गंभीरपणे : बोका सारखा बसून कुंथतोय आणि थेंबही येत नाही, असं दिसलं तर ही मार्गदर्शिका तिथेच टाकून डॉक्टरकडे पळावं, उद्यावर ढकलू नये. त्याची मूत्रनलिका तुंबते आणि त्यात तो दगावतो. शहाणं कुत्रं अचानक घरात करू लागलं, पाणी फार पिऊ लागलं, तरी आधी डॉक्टर, मग टॉवेल.

अंतिम तपासणी

श्रावणात अप्पांच्या धाकट्या भगिनी पुण्याहून आल्या. त्यांचं नाक आमच्या घराण्यात प्रसिद्ध आहे. दारातूनच त्यांना कालची भाजी कळते. त्या गालिच्यावर मांडी घालून दोन तास बसल्या आणि जाताना म्हणाल्या, “छान ठेवलंयस हं. रेशमाची निगा राखणं सोपं नाही.” अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी गालिच्याकडे पाहिलं.

मग खऱ्या तपासनिसाला आत सोडलं. मोत्या कमळाभोवती फिरला. जुन्या दोन्ही जागा बराच वेळ हुंगल्या, एकदा मागे येऊन पुन्हा हुंगल्या. नवरा पाट घेऊन उभाच होता. मोत्यानं पाय उचलला नाही. पंतांच्या कोपऱ्याला वळसा घातला, काठाकाठानं अप्पांच्या खुर्चीपाशी आला, तिथे थबकला, मान खाली घातली आणि एका पिवळ्या ठिपक्याला मन लावून चाटू लागला.

“बघ,” अप्पा म्हणाले, “आपली जागा बरोबर ओळखतो.”